पडद्यावरचा बाप

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर रात्री आठ वाजता दोन बाप एकमेकांना ओलांडून जातात. एक मागावरून सुटलेला. त्याच्या भुवयांवर कापसाची लव बसलेली असते आणि कानात अजून खटखट चालू असते. दुसरा डबा घेऊन कारखान्याकडे निघालेला. दोघांच्याही हातात मोबाइल. एका बाजूला उड्डाणपूल, दुसरीकडे २०१८ च्या डिसेंबरात पायाभरणी झालेल्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब आणि मधे रिक्षांची कोंडी. या कोंडीत अडकलेला पहिला बाप घरी पोचेपर्यंत त्याचं तीन वर्षांचं मूल बहुधा झोपलेलं असतं. दुसऱ्याचं मूल त्या वेळी जागं असतं, पण तो निघालेला असतो.

बारा तासांची पाळी हे या गावचं घड्याळ आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात प्रौढ कामगाराचा दिवस नऊ तासांचा आणि आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा ठरवलेला होता. भिवंडीच्या छोट्या-छोट्या यंत्रमाग कारखान्यांत मात्र सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ हाच रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पगार मीटरवर असतो, म्हणून माग थांबला की कमाईही थांबते. एकाच माणसाला एका वेळी अनेक माग सांभाळायचे असतात. अशा गावात ‘मुलं मोबाइल फार बघतात’ ही तक्रार करायची, तर ती कुणाकडे करायची हे आधी ठरवावं लागेल. इथे विषय तोच आहे.

मुलांच्या मोबाइलवर हल्ली सगळेच बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासापेक्षा जास्त नको. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखाली पूर्ण बंदी सांगितली, आणि त्यात एक खिडकी उघडी ठेवली. नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, असं त्यात म्हटलं आहे. ही खिडकी लक्षात ठेवावी. भिवंडीच्या दृष्टीने अख्ख्या दस्तऐवजातली तीच महत्त्वाची ओळ आहे.

या सूचनांमागे संशोधन आहे, आणि ते चांगलं आहे. कॅनडातल्या कॅलगरी शहरात शेरी मॅडिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,४४१ माता आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन आणि तीन वर्षांच्या वयात ज्यांचा पडद्यासमोरचा वेळ जास्त, ती मुलं पुढे विकासाच्या चाचणीत मागे पडलेली दिसली. जपानच्या तोहोकू भागात ७,०९७ माता-बालकांच्या जोड्या घेऊन झालेला अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यातही एक वर्षाच्या वयातला पडद्यावरचा वेळ आणि नंतरचं बोलण्यातलं, प्रश्न सोडवण्यातलं मागेपण यांचा संबंध आढळला.

दोन्ही अभ्यासांची वर्णनं वाचताना एक शब्द अंगठ्याखालून निसटतो: माता. माता आणि मूल. जोडी. प्रश्नावली आईला दिली, उत्तरं आईने भरली. संशोधकांच्या मनात काही काळंबेरं होतं असं नाही. दवाखान्यात आई येते, लसीकरणाला आई येते, म्हणून माहिती आईकडून घेणं सोपं. आपल्याकडेही गरोदरपणापासून घरात जपून ठेवलं जातं त्या कार्डाचं नाव माता-बाल संरक्षण कार्ड. अंगणवाडीत सभा भरते ती मातांची. मूल किती वेळ पडदा बघतं याचा हिशेब जगभर मांडला जातो, पण त्याच तक्त्यात ‘वडील घरी किती वाजता येतात’ हा रकाना शोधायला गेलं की बहुधा सापडत नाही.

सरकारने तर थेट वेळच मोजला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात पंधरा ते एकोणसाठ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया दिवसात घरातल्या कुणाचं ना कुणाचं संगोपन करताना आढळल्या, पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के. करणाऱ्यांनी दिलेला वेळ स्त्रियांचा सुमारे १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. या आकड्यांवरून पुरुषांना आळशी ठरवणारी भाषणं पुष्कळ झाली, आणि त्यात तथ्यही आहे. पण धामणकर नाक्यावर उभं राहून ती ७४ मिनिटं कुठून काढायची याचा हिशेब करावा. बारा तास पाळी, तासभर जाणं-येणं, सात तास झोप, आंघोळ, जेवण. उरतात तीन तास. त्या तीन तासांत मूल जागं असलं तर.

आता रातपाळीचं घर बघू. शांतीनगर, कामतघर, पद्मानगर, कुठलंही घ्या. एक खोली, वर जमलं तर पोटमाळा. बाप सकाळी साडेआठला येतो, चहा घेतो आणि आडवा होतो. मागांच्या आवाजात बारा तास काढलेल्या माणसाला झोप लागायला शांतता लागते, आणि त्याच खोलीत दोन वर्षांचं मूल जागं झालेलं असतं. मुलाला बाहेर न्यावं तर खाली रस्ता, टेम्पो, मागाचा कचरा. आईला स्वयंपाक आहे, पाणी भरायचं आहे, काही घरांत धागा कापायचं नाहीतर मणी ओवायचं कामही आहे. मग ती काय करते? आवाज बंद करून मोबाइल मुलाच्या हातात देते. मूल मुकं कार्टून बघत बसतं, बाप झोपतो.

शहरी सुखवस्तू घरात मोबाइल मुलाला रमवायला दिला जातो, जेवण भरवायला दिला जातो. इथे तो बापाला झोपू द्यायला दिला जातो. दोन्हीकडे मिनिटं सारखीच भरतील, कदाचित इथे जास्तच. पण दोन्हीकडे एकच सूचनापत्रक वाटणाऱ्या माणसाने या दोन घरांतला फरक बघितलेला नाही, असंच म्हणावं लागेल.

आवाजाचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडं थांबावं, कारण या गावाइतकं आवाजाचं मोल दुसरीकडे कुणाला कळणार नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या एका शाळेचा अभ्यास अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला. शाळेच्या एका अंगाने उन्नत रेल्वेमार्ग जात होता. गाडी आली की त्या बाजूच्या वर्गातल्या शिक्षिका बोलणं थांबवत. सहावीपर्यंत पोचताना गोंगाटाच्या बाजूची मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे पडलेली आढळली. मुलं एकाच शाळेची, एकाच वस्तीतली. पुढे रुळांखाली रबराचे थर बसवले, वर्गांना आवाज शोषणारी छतं केली. १९८१ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा दोन बाजूंतला फरक मिटला होता. पालकांना उपदेश न करता हे झालं. रूळ दुरुस्त केले, एवढंच.

पडद्याचा गोंगाट वेगळा असतो. तो कानावर आदळत नाही, बोलणंच खाऊन टाकतो. ऑस्ट्रेलियात २२० कुटुंबांतल्या लहानग्यांच्या कपड्यात आवाज टिपणारं छोटं यंत्र ठेवून मेरी ब्रश आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या वयात पडद्यासमोरच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मुलाच्या कानावर मोठ्यांचे ६.६ शब्द कमी पडत होते, मुलाचे स्वतःचे बोल ४.९ ने कमी होत होते आणि एकमेकांशी होणारी बोलण्याची देवाणघेवाण १.१ ने घटत होती. शब्दाचा दशांश ऐकून हसू येईल. पण मिनिटाला साडेसहा शब्द हे तासाला जवळजवळ चारशे होतात, आणि भिवंडीत ते चारशे शब्द कुठल्या भाषेतले असतील, हे बघण्यासारखं आहे.

कारण या नाक्याच्या पाचशे पावलांत बापाला चार नावं आहेत. आगरी घरात बापूस, तेलुगू पद्मशाली घरात नान्ना, उर्दू घरात अब्बा, आणि शाळेच्या दारात सगळ्यांचा पप्पा. इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा देशाचे भाग त्यांनी भाषांनुसार पाडले, कारण नात्यांची नावं आणि नात्यांची वागणूक एकत्र चालते हे त्यांना दिसलं होतं. (त्यांच्या स्वतःच्या घरात मुलं वडिलांना ‘दिनू’ म्हणत. पुण्यात त्या काळी हे ऐकून अनेकांचे कान टवकारले असतील.) मुक्या मोबाइलवरच्या कार्टूनला यातली एकही भाषा नसते. आवाज चालू असला तर बहुतेक वेळा हिंदी. बापाची बोली बापाच्या तोंडूनच मुलाकडे जाते, आणि बाप झोपलेला.

इथवर एक बाप झाला. दुसरा बाप खानावळीत राहतो. भिवंडीत भिशी हा शब्द चिठ्ठीफंडापेक्षा खानावळीसाठी जास्त चालतो. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, तेलंगण इथून आलेले एकटे पुरुष महिन्याचे पैसे भरून तिथे दोन वेळ जेवतात. खोलीत पाळीपाळीने झोपतात, एक उठला की त्याच्या जागी दुसरा. यांतले कित्येक पंचविशीच्या आतले आहेत आणि त्यांना गावी मूल आहे. त्या मुलाने बाप पाहिला आहे तो मुख्यतः सहा इंचांच्या काचेत. त्याच्यासाठी पडदा हा बापाचा शत्रू नाही. पडदा म्हणजेच बाप.

मग त्या मुलाला ‘दोन वर्षांखाली पडदा नको’ कसं सांगणार?

विज्ञान इथे मदतीला येतं. २००३ मध्ये सिअ‍ॅटलच्या पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळली, गोष्टी सांगत राहिली. काहींना त्याच माणसांचं चित्रीकरण दाखवलं. बारा बैठकांनंतर प्रत्यक्ष भेटलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता येऊ लागले, पडदा बघणारी बाळं कोरी राहिली. शब्द तेच, चेहरे तेच. मग २०१४ मध्ये सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांनी पुढचा प्रश्न विचारला: पडद्यावरचा माणूस जर खरोखर समोर असेल, मुलाने काही केलं की लगेच प्रतिसाद देत असेल, तर? दोन ते अडीच वर्षांची छत्तीस मुलं घेतली. प्रत्यक्ष भेटीतून मुलं नवे शब्द शिकली, व्हिडिओ कॉलवरूनही शिकली. आधी टिपून ठेवलेल्या चित्रीकरणातून शिकली नाहीत.

काच दोन्हीकडे होती. फरक पडला तो पलीकडून उत्तर येण्याने. बालरोगतज्ज्ञांनी ठेवलेली खिडकी म्हणजे हीच. अमेरिकेतल्या एका अभ्यासात वॉशिंग्टन परिसरातल्या पालकांनीही व्हिडिओ कॉलला बंदीतून वगळलं होतं. मुलाला मोबाइल न देणाऱ्या घरांतही आजी-आजोबांचा कॉल ‘मोजायचा नाही’ असा अलिखित नियम होता. भिशीतल्या तरुण बापाला हा नियम कुणी सांगायची गरज नाही. रात्री आठला पाळी सुटली की तो पहिला कॉल गावी लावतो. त्याला सांगायचं असेल तर एवढंच की ‘कैसे हो, खाना खाया’ एवढ्यावर थांबू नये. मूल जे दाखवेल त्याबद्दल बोलावं, कोंबडी दाखवली तर कोंबडीबद्दल, आणि ते बोबडं बोललं की थांबून उत्तर द्यावं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला. त्याने या गावात काय बिघडवलं याची यादी मोठी आहे. पण घडवलेली ही एक गोष्ट त्या यादीत कुणी लिहीत नाही.

तरुण बापांची बाजू घेतली म्हणून त्यांना सूट द्यायची असं नव्हे. घरी आलेल्या बापाचं काय? जेनी राडेस्की या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन परिसरातल्या फास्ट फूडच्या दुकानांत बसून मुलांसोबत जेवायला आलेल्या ५५ मोठ्या माणसांचं निरीक्षण केलं; २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांतल्या ४० जणांनी जेवताना फोन वापरला, आणि काही तर जेवणभर त्यातच बुडालेले होते. मुलं आधी गप्प बसली, मग खोड्या करू लागली, मग ओरडा खाऊ लागली. याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, एड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला होता. बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईने अचानक चेहरा दगडासारखा करायचा आणि दोन-तीन मिनिटं तसाच ठेवायचा. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, शेवटी मान फिरवून घेतं. त्या प्रयोगासाठी आता प्रयोगशाळा लागत नाही. फोनमध्ये डोकं घातलेल्या बापाचा चेहरा नेमका तसाच असतो. तो दगड नाही, तो गुंग आहे. पण बाळाला हा फरक कळायचा कसा?

बाप होण्याने पुरुष बदलतो का, हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीवर सुटतो. फिलिपिन्समधल्या सेबूत तो रक्ताच्या नव्हे, लाळेच्या नमुन्यांवरून सोडवला गेला. ली गेट्लर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सरासरी साडेएकवीस वर्षांच्या ६२४ तरुणांमधलं टेस्टोस्टेरॉन मोजलं आणि २००९ मध्ये पुन्हा मोजलं. मधल्या काळात जे बाप झाले त्यांच्यात ते बाकीच्यांपेक्षा बरंच उतरलेलं होतं. आणि बापांमध्येही जे रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचं करत होते, त्यांच्यात सगळ्यात कमी. म्हणजे मूल सांभाळणं हे काही ‘बायकी’ काम पुरुषावर लादलेलं नाही, त्याचं शरीर त्याची तयारी ठेवून असतं. मध्य आफ्रिकेतल्या आका जमातीत तर बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ बाळाच्या हाताच्या अंतरात असतात, असं मानववंशशास्त्रज्ञ बॅरी ह्यूलेट यांनी नोंदवलं. सेबूचे तरुण आणि भिवंडीचे तरुण यांच्या वयात फरक नाही. फरक आहे तो त्या तीन तासांत.

सरकारी कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर केंद्र सरकार पंधरा दिवसांची रजा देतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. खासगी कारखान्यातल्या बापासाठी असा कुठलाही कायदा नाही. विराट कोहली २०२० च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाचा दौरा अर्धा सोडून पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी परतला, तेव्हा देशभर वाद झाला, आणि निदान ‘पितृत्व रजा’ हा शब्द घराघरांत पोचला. मीटरवर पगार घेणाऱ्याने रजा कुणाकडे मागायची?

महाराष्ट्रात मुलांच्या मोबाइलच्या प्रश्नाला गावांनी हात घातल्याची उदाहरणं आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने २०२२ च्या १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला नाहीतर गप्पांना. दीड तासाने पुन्हा भोंगा. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइल वापरावरच बंदीचा ठराव केला. बान्सीचा ठराव टिकणं कठीण, कारण त्यात मोठ्यांना काहीच सोडावं लागत नाही. वडगावचा भोंगा शहाणा आहे. तो बापालाही लागू आहे.

पण तोच भोंगा भिवंडीत आणून लावला तर? संध्याकाळी सातला निम्मे बाप मागावर आणि उरलेले डबा भरत असतील. इथे एक संध्याकाळ सगळ्यांची नाही. शिवाय भोंगा या गावाला नवा नाही, तो आजवर माणसाला कामावर बोलावत आला.

याच ठाणे जिल्ह्याने, जेव्हा आताचा पालघर त्यात होता तेव्हा, एक वेगळी वाट दाखवली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी पालकांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली, गुरं राखायला गेलेल्या पोरांसाठी कुरणात नेली. घरच्या कामाची वेळ आधी पाहिली आणि शाळेची वेळ तिच्याभोवती बसवली. आज देशभर पसरलेल्या अंगणवाडीच्या नावात त्या अंगणाची आठवण आहे. भिवंडीच्या मुलांच्या पडद्याचा प्रश्न ज्याला सोडवायचा असेल त्याने आधी अंगण कुठे आहे ते शोधावं. रातपाळीच्या बापाला झोपायला आणि मुलाला खेळायला दोन वेगळ्या जागा मिळाल्या, तर निम्मा मोबाइल आपोआप खाली ठेवला जाईल. वस्तीतली अंगणवाडी सकाळी साडेआठ ते दुपारी दोन उघडी राहणं, वऱ्हाळा देवी तलावाकाठी सावली आणि खेळायला जागा असणं, हे पालकांच्या शिस्तीचे नव्हेत, सरकारच्या आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकांचे विषय आहेत. आणि पालकसभा रविवारी सकाळी न भरवता पाळी बदलताना, कारखान्याच्या दारात, पंधरा मिनिटांची भरवली तर तिथे बाप सापडतील. तिथेच ते असतात.

एक काम मात्र महापालिकेची वाट न बघता करता येण्यासारखं आहे. धामणकर नाक्यालगतच बी.एन.एन. महाविद्यालय आहे. तिथल्या समाजशास्त्राच्या, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये मागावर काम करणाऱ्यांची मुलंमुली असणारच. कॅलगरीने २,४४१ माता मोजल्या, तोहोकूने सात हजार. या मुलांनी आपापल्या गल्लीतली शंभर घरं मोजावीत: मूल किती वेळ पडदा बघतं, कुठल्या वेळी, कुणी दिला, कशासाठी दिला, पलीकडे कुणी उत्तर देणारं होतं का. प्रश्नावली मराठीत, उर्दूत आणि तेलुगूत छापावी. ती घेऊन दुपारी घरी जाऊ नये, रात्री आठला नाक्यावर उभं राहावं. आणि पहिला प्रश्न मुलाबद्दल नसावा. बाबा, तुमची पाळी कुठली, असा असावा.